एलायजा थळकर आणि आठाचा नियम

एलायजा थळकरच्या उजव्या हाताची बोटं कायम पिवळी असायची. इस्राएलातल्या लोदच्या आमच्या सिनेगॉगमध्ये नवीन आलेली एखादी बाई त्याने पुढे केलेला किद्दुशचा, म्हणजे आशीर्वादाच्या द्राक्षारसाचा, पेला घेताना बोटांकडे बघायची आणि मग येहुदितच्या कानाशी लागायची, "तुमच्याकडे स्वयंपाक हेच करतात वाटतं? हळद निघत नाही हातांची."

येहुदित हसून म्हणायची, "हळदच आहे. आमच्या लग्नातली."

हळद कुठली! बावीस वर्षं पितळेच्या तोट्या तेजाबात बुचकळून काढणाऱ्या माणसाची ती बोटं होती. नायट्रिक ॲसिडचा शिंतोडा उडाला की कातडीवर पिवळा डाग उठतो. साबणाने तो जात नाही, ती कातडीच झडून जावी लागते. रबरी मोजे होते कारखान्यात, नव्हते असं नाही. पण मोजे घातले की एलायजाला टोपलीचा अंदाज यायचा नाही.

तो मूळचा अलिबागजवळच्या थळचा. बाप मुंबईला गोदीत फिटर, म्हणून शाळा माझगावला. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोन्हीदा गणिताने त्याला पाडलं. एकाहत्तर साली येहुदितला आणि कडेवरच्या योनातानला घेऊन तो इस्राएलला आला. आधी नेतिवोतला धूळ खाल्ली, मग लोदला या तोट्यांच्या कारखान्यात चिकटला तो चिकटलाच. योनातान पुढे अश्दोदला बंदरात लागला, लग्न करून तिकडेच राहिला. आणि येहुदितने आता बाळंतपणं संपली म्हणून बाळाचे कपडे वाटून टाकल्यावर शिरी झाली. "शेंडेफळ," एलायजा म्हणायचा, "परमेश्वराने हिशेब मिटवल्यावर वर घातलेलं."

कारखान्यातलं काम सांगायला सोपं होतं. ओतून, कातून आलेली तोटी काळपट असते. ती जाळीच्या टोपलीत भरायची, आकड्याला लावून ॲसिडच्या टाकीत सोडायची, सोन्यासारखी झाली की वर घ्यायची आणि लगेच पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर ॲसिड मळ सोडून पितळच खायला लागतं. बाकीचे घड्याळ बघायचे. एलायजा शेमा या रोजच्या प्रार्थनेची पहिली ओळ सावकाश म्हणायचा. ओळ संपली की टोपली वर. त्याचा माल कधी परत आला नाही.

घरात रसायनशास्त्र घेणारी शिरी पहिलीच. सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये तिची बग्रुत होती, म्हणजे इथली मॅट्रिक. तिची एक खोड होती: मोठ्याने कोणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय तिच्या डोक्यात काही राहायचं नाही. येहुदित भाजी चिरता चिरता नुसतं "हं, हं" करायची. एलायजा मात्र प्रश्न विचारायचा. त्यामुळे संध्याकाळची प्रार्थना झाली की बापलेक जेवणाच्या टेबलाशी बसायचे. ती अर्धं हिब्रूत, अर्धं मोडक्या मराठीत सांगायची.

"आब्बा, ऐक. प्रत्येक अणूला सगळ्यात बाहेरच्या मजल्यावर आठ इलेक्ट्रॉन हवे असतात. आठ झाले की तो शांत. नसले तर दुसऱ्याचे घेतो, किंवा आपले देऊन टाकतो, किंवा दोघं मिळून वापरतात. मीठ बघ. सोडियमकडे वरच्या मजल्यावर एकच आहे, तो क्लोरीनला देऊन टाकतो. क्लोरीनकडे सात होते, त्याचे आठ झाले."

"आणि सोडियम भिकेला लागला?"

"नाही ना! त्याचा वरचा मजला रिकामा झाला की खालचा तोच वरचा होतो. तिथे आठ आहेतच."

एलायजाने टेबलावर थाप मारली. "येहुदित, ऐकलंस? देणाऱ्याचेही आठ, घेणाऱ्याचेही आठ! सुंता कितव्या दिवशी? आठव्या. प्रार्थनेच्या शालीच्या गोंड्याला, सिझिथला, दोरे किती? आठ. हनुक्काचे दिवे? अगं, सहा दिवसांत जग केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि आठ कशाला ठेवले? केलेलं जग सुटून जाऊ नये म्हणून!"

"दाढेखाली खडा आला तर मला बोलू नका," येहुदित म्हणाली. "डाळ निवडताना तुमचं प्रवचन चाललंय."

पुढचा आठवडाभर जो भेटेल त्याला तो हे ऐकवत सुटला. सिनेगॉगमध्ये झालं, भाजीवाल्याकडे झालं. कारखान्यात त्याचा फोरमन अमनोन म्हणाला, "थळकर, मला तोट्या आठशे हव्यात, तेवढं बघ."

मग शिरीच्या वहीत पुढचं पान आलं. नियमाचे अपवाद.

"अपवाद?" एलायजाचा चेहरा पडला. "आत्ता तर नियम म्हणालीस."

"नियम आहेच. पण सगळे नाही पाळत. हायड्रोजनला दोन पुरतात. बोरॉन बऱ्याचदा सहावरच भागवतो. फॉस्फरस कधी कधी दहा जमवतो."

"दहा? मग त्याचं मिन्यान झालं. आता तो प्रार्थना सुरू करू शकतो." दहा पुरुष जमेपर्यंत दारात ताटकळण्यात एलायजाचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"आणि गंधकाचे बारासुद्धा होतात."

"इस्राएलचे बारा वंश."

"आब्बा, प्रत्येकाला उचलून तोरा ग्रंथात घालू नकोस."

"मग कुठे घालू? तुझ्या वहीत तर त्यांना जागा नाही."

शिरी हसली. मग तिने पेन्सिलने काही ठिपके काढले. "हे बघ, हे खरे बिघडलेले. नायट्रोजन डायऑक्साइड. नायट्रोजनचे पाच, दोन ऑक्सिजनचे सहा सहा. किती?"

"सतरा."

"सतरांच्या जोड्या लाव."

एलायजाने पिवळ्या बोटाने ठिपके जोडले. आठ जोड्या झाल्या, एक उरला. त्याने पुन्हा केलं, दुसऱ्या बाजूने.

"कितीही कर," शिरी म्हणाली. "एक उरतोच. नायट्रोजनकडे सातच राहतात. तो उरलेला सारखा जोडीदार शोधत असतो. म्हणून हा वायू ज्याला त्याला जाऊन भिडतो."

"आमच्या अमनोनसारखा. तीन साखरपुडे, लग्न एक नाही."

यावर येहुदितसुद्धा हसली. पण झोपायच्या आधी एलायजा तिला म्हणाला, "त्या सतराचं काही बरं नाही वाटत मला. ज्याने जग केलं, त्याला काय एक जास्त झाला होता?"

शिरीच्या परीक्षेला दहा दिवस उरले असताना, एका गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला अमनोनची गाडी दाराशी थांबली. एलायजा स्वतःच्या पायांनी उतरला. केस ओले, सदरा दुसऱ्या कोणाचा तरी.

"येहुदित, तुझा नवरा वेडा आहे," अमनोन दारातूनच म्हणाला. "मी म्हणतोय दवाखान्यात चल, हा म्हणतो घरी चल."

घडलं होतं ते असं. टाकीवरचा पंखा सकाळपासून बंद होता. मोटार जळलेली, आणि वायरमन उद्या येतो म्हणून काम तसंच चालू ठेवलेलं. अकरा वाजता आकडा निसटला आणि तोट्यांनी भरलेली अख्खी टोपली टाकीच्या तळाला गेली. टाकी उकळायला लागली. तपकिरी-तांबडा दाट धूर उठून छताला लागला आणि खाली आला. पलीकडच्या कोपऱ्यात पॅकिंगला बसणारी रशियन बाई अडकली. एलायजाने तोंडाला ओला रुमाल बांधून तिला ओढत बाहेर आणलं. तेवढ्यावर थांबता, तर ठीक होतं. पण पितळ आत आहे तोवर धूर थांबायचा नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो परत आत गेला, लांब सळईने टोपली शोधून बाहेर काढली, आणि मगच आला. अर्धा तास खोकला. मग दूध प्यायला, तोंड धुतलं, खोकला थांबला.

"काही झालं नाही मला," तो येहुदितला म्हणाला. "घसा जरा खरखरतोय, बस. ती बाई वाचली. परमेश्वराने हात धरून बाहेर काढलं दोघांनाही."

येहुदितने दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनांच्या डबीला, हात लावून तो ओठांना लावला आणि मग रडायला बसली. समोरच्या दारातून रोझी धावत आली. रोझी पेणची, येहुदितला थोरल्या बहिणीसारखी. सगळं ऐकून ती म्हणाली, "रडतेस काय? मरणाच्या दारातून माणूस परत आलाय. मलिदा घाल. आजच घाल, उद्या शब्बाथची घाई. मी पोहे भिजवते, तू नारळ फोड."

आमच्या मराठी यहुद्यांत हे असंच. संकटातून सुटलो की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. दहा पुरुष जमवायचे, संदेष्ट्याचं नाव घेऊन आभार मानायचे. आपली माणसं कोकणात असल्यापासून चालत आलंय, इथेही चालू आहे. त्यात काही चुकीचं नाही. मी आजही म्हणेन, काही चुकीचं नाही.

शिरी शाळेतून चारला आली तेव्हा घरभर वेलचीचा वास सुटला होता. बाप पलंगावर बसून फोनवर एकेका माणसाला सांगत होता, "सात वाजता, हो, टोपी विसरू नका." तिने काय झालं ते विचारलं. त्याने गंमत सांगावी तसं सांगितलं.

"धूर कुठल्या रंगाचा होता?" शिरीने विचारलं.

"तपकिरी. तांबूस. आपल्या चहासारखा."

शिरीने दप्तरातून वही काढली, पान बघितलं आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. तिथून तिने तिच्या रसायनशास्त्राच्या बाईंना, मलका बाईंना, घरी फोन लावला. बाहेर आली ती धावतच.

"इम्मा, आब्बाला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं."

"का? बरे आहेत ते."

"तेच तर! मलका म्हणाली, बरा वाटत असला तरी न्या. तो तोच वायू आहे, सतरावाला. पाण्यात पटकन विरघळत नाही, म्हणून नाकाघशात फार जळत नाही आणि माणूस फसतो. तो खाली जातो, पार खाली, आणि तिथे हळूहळू ॲसिड होतं. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. ती म्हणाली, एक रात्र तरी त्यांच्या नजरेखाली ठेवा."

येहुदितने नवऱ्याकडे बघितलं. तो पलंगावर बसून केळी मोजत होता. रंग बरा होता. आवाज बरा होता.

"तुझ्या बाईंनी बघितलंय का त्यांना?" रोझी म्हणाली. "पुस्तकातलं सगळं घाबरवणारंच असतं. आमच्या मुलाच्या तापाचं पुस्तकात बघितलं, तर तो कधीच मेलेला होता. तो बघ, आत्ता सैन्यात चार चपात्या जास्त खातो."

"आब्बा, प्लीज."

एलायजाने तिला जवळ ओढलं. "मोती, दहा माणसांना बोलावलंय. एलियाहू हन्नाबीला बोलावलंय. आणि मी स्वतः जाऊन इस्पितळात बाकावर बसू? प्रार्थना होऊ दे. मग बघू."

"प्रार्थनेला नऊ वाजतील!"

आणि तेव्हा येहुदित बोलली. खोबरं खवता खवता, मान वर न करता बोलली. "शिरी, पुरे. आभार मानायला बसायचं आणि त्याच वेळी डॉक्टरकडे धावायचं, म्हणजे परमेश्वराच्या तोंडावर सांगायचं की तुझा भरवसा नाही. माझ्या घरात हे होणार नाही."

शिरी वही छातीशी धरून उभी राहिली. मग तिने वही टेबलावर ठेवली आणि आईच्या शेजारी बसून खजूर निवडायला लागली. सतरा वर्षांची पोर. ती काय करणार होती?

सातला माणसं जमली. मलिद्याचं ताट मध्ये, वर सफरचंद, खजूर, केळी. एलायजाने स्वतः प्रार्थना म्हटली. आवाज खर्जात गेला होता, पण चढवला त्याने. दोनदा खोकला. कोणीतरी म्हणालं, "तेजाब प्यायलेल्या माणसाचा आवाज बघा, आमच्यापेक्षा चांगला!" सगळे हसले. मलिदा वाटला गेला, लोकांनी एलायजाला मिठ्या मारल्या. तो मधून मधून भिंतीला टेकत होता. येहुदितला वाटलं, दमलेत. सकाळपासून दिवस काय कमी होता!

लोक गेल्यावर शिरी पुन्हा म्हणाली, "आता तरी."

"उद्या सकाळी पहिल्या नंबरला," एलायजा म्हणाला. "डोळे मिटतायत माझे. वचन." वचन दिल्यावर शिरीने त्याच्या अंगावर चादर घातली.

उजाडताना येहुदित जागी झाली ती एका आवाजाने. पाण्यात नळी घालून कोणी फुंकावं तसा. एलायजा पलंगाच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळे. तो काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता आणि शब्दाऐवजी गुलाबी फेस येत होता. येहुदितने त्याच्या पाठीला हात लावला, तर पाठ आतून खळखळत होती.

शिरीने ॲम्ब्युलन्स बोलावली. जिन्यावरून नेताना एलायजाने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. दिलेलं वचन मोडणाऱ्या माणसासारखं, ओशाळून.

इस्पितळात त्याच्या घशात नळी घातली, यंत्र लावलं. अश्दोदहून योनातान आला, बापाला काचेतून बघून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शुक्रवार गेला. सूर्यास्ताला शब्बाथ, विसाव्याचा वार, लागला. येहुदितने बाकावर बसूनच दिव्यांचा आशीर्वाद पुटपुटला, दिवे नव्हते. शिरी तिच्या शेजारी बसून होती.

"तो एक उरलेला," येहुदितने अचानक विचारलं, "तो आत्ता यांच्या आत आहे?"

"तसा नाही, इम्मा. तो कधीच कशाला तरी जाऊन चिकटला. जिथे चिकटला तिथलं मोडलं. मग तिथून पुढचं मोडलं."

"बाकीच्यांचं आठात भागतं. याचंच का नाही?"

"सतराच्या जोड्या लागत नाहीत म्हणून," शिरी म्हणाली. "त्यात कोणाची चूक नाही."

शनिवारी सूर्य कलता होता, शब्बाथ अजून सुटला नव्हता, तेव्हा एलायजा गेला. चोपन्न वर्षांचा होता. योनातानने शेमा म्हटला, शेवटपर्यंत.

तरुण डॉक्टर बाहेर आला, टोपी हातात चुरगाळत. जे सांगायचं ते त्याने सांगितलं. तो जायला वळला तेव्हा येहुदितने शिरीचा दंड धरला आणि मराठीत म्हणाली, "थांबव त्याला. विचार. गुरुवारी संध्याकाळीच आणलं असतं, तर?"

शिरीने विचारलं. डॉक्टर परत तिच्याकडे वळला. मग हिब्रूत, हळू, एकेक शब्द म्हणाला: संध्याकाळी आणलं असतं तर ऑक्सिजन दिला असता, सूज उतरायची औषधं दिली असती, रात्रभर लक्ष ठेवलं असतं. नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण वेळेवर येणारे बहुतेक जण दोन-चार दिवसांत चालत घरी जातात.

शिरी आईकडे वळली. "डॉक्टर म्हणतो," ती मराठीत म्हणाली, "काही फरक पडला नसता. पहिल्या श्वासातच सगळं झालं होतं."

येहुदित सव्वीस वर्षं या देशात होती. दवाखान्याच्या रांगांत, बसच्या थांब्यांवर, योनातानच्या सैन्यातल्या पत्रांत तिने ती भाषा शिकली होती. बोलताना अडखळायची, म्हणून पोरांना वाटायचं आईला कळत नाही. डॉक्टरचा एकही शब्द तिच्या हातून सुटला नव्हता.

तिने शिरीकडे बघितलं. त्या पोरीने गुरुवारी चार वाजता सांगितलं होतं, आणि आता ती आईसाठी खोटं बोलून उभी होती, आई ते घेते की नाही याची वाट बघत.

"बरं," येहुदित म्हणाली. "विचारलंस ते बरं झालं."

रविवारी दफन झालं. शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, सात दिवसांत बुटक्या स्टुलांवर बसून त्या दोघी येणाऱ्यांना भेटत होत्या. अमनोन आला आणि तासभर बसून गेला. रशियन बाई केक घेऊन आली, दारातच रडली. मलका बाई आल्या, शिरीचा हात धरून बसल्या, आणि जाताना येहुदितच्या नजरेला नजर देऊ शकल्या नाहीत. जो विचारेल त्याला शिरी तेच सांगायची, मराठीत मराठी माणसाला, हिब्रूत हिब्रू माणसाला: काही फरक पडला नसता. येहुदित खाली बघायची.

रोझी पहिले चार दिवस फक्त डबे ठेवून जात होती. पाचव्या दिवशी दुपारी, घरात दुसरं कोणी नसताना, ती आली आणि येहुदितच्या पायांशी फरशीवर बसली. चेहरा सुजलेला.

"मी म्हटलं होतं आजच घाल म्हणून," ती म्हणाली. "पोरगी गयावया करत होती आणि मी तिला हसले. माझ्या जिभेला काही झालं असतं तर बरं होतं. मी मारलं गं त्यांना. तू मला घरात घेऊ नकोस."

शिरी कोपऱ्यातल्या स्टुलावर होती. सात-आठ जणांना सांगितलेलं वाक्य या वेळी तिला म्हणता येईना.

तेव्हा येहुदितने रोझीचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"डॉक्टर म्हणाला," ती म्हणाली, "संध्याकाळी आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. मी स्वतः ऐकलं. हिब्रूत. शब्द न् शब्द कळला मला."

शिरीने मान वर केली. आई रोझीच्या केसांवरून हात फिरवत होती आणि तिच्याकडे बघत नव्हती.